घर कुणासाठी साफ करायचं?

पाहुणे यायचे असले की घरात काय काय होतं ते आठवून पाहा. बाहेरची खोली आवरली जाते, फरशी लख्ख पुसली जाते, पसारा उचलून आतल्या खोलीत जातो आणि शेवटी काहीतरी सुवासिक फवारलं जातं. यात वावगं काही नाही. पण घरातली माणसं ज्या गोष्टींनी आजारी पडतात, त्यांतल्या बहुतेक या आवराआवरीत जागच्या जागीच राहतात. गादीत साठलेली धूळ, कपाटामागच्या भिंतीतली ओल, ओट्यावरचं कधीच न वाळणारं फडकं, दिवसचे दिवस न उघडलेली खिडकी यांच्याकडे पाहुण्यांची नजर जात नाही, म्हणून आपलीही जात नाही.

घराची स्वच्छता डोळ्यांनी आणि नाकाने मोजायची आपल्याला सवय लागली आहे. ती राहणाऱ्यांच्या फुप्फुसांवरून, पोटावरून आणि हाडांवरून मोजली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे माप लावलं की आपण पुष्कळ श्रम आणि रसायनं नको त्या जागी घालवतो हे कळतं. आणखी एक गोष्ट कळते, ती जास्त अस्वस्थ करणारी आहे. आजार देणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच फडक्याने पुसून जाणाऱ्या नसतातच. त्यांचा उपाय घर बांधणाऱ्याच्या, भाड्याने देणाऱ्याच्या आणि नियम करणाऱ्याच्या हाती असतो, आणि दोष मात्र घर सांभाळणाऱ्या बाईच्या माथी येतो.

दुर्गंधी म्हणजे रोग, ही समजूत फार जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले बहुतेक डॉक्टर कॉलरा कुजक्या हवेतून होतो असंच मानत. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात साथ आली तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले याचा माग काढला आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपावर बोट ठेवलं. त्या पंपाचं पाणी लोकांना चवीला आवडायचं. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा ते मुद्दाम मागवून घ्यायची. तीही कॉलऱ्याने गेली. नाक, डोळे आणि जीभ, तिघांनीही त्या पाण्याला चांगलं म्हटलं होतं. एक मात्र कबूल करायला हवं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची घाण असह्य झाली म्हणूनच लंडनमध्ये गटारांचं मोठं जाळं उभारायचं ठरलं, आणि त्या गटारांनी पुढे असंख्य जीव वाचवले. कारण चुकीचं होतं, काम बरोबर झालं. आज आपल्या घरांत याच्या उलट घडतं. जंतूंची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी हात जातो तो सुवासाच्या बाटलीकडेच.

सुवास ही स्वच्छतेची खूण नाही. हवेत सोडलेलं ते आणखी एक रसायन आहे. लिंबाचा किंवा पाइनचा वास देणारी लिमोनीन आणि पायनीन ही द्रव्यं हवेतल्या ओझोनशी संयोग पावतात आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. फॉर्माल्डिहाइडची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत होते. एका खोलीतली मात्रा अल्प असते, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ज्या घरात दम्याचं मूल आहे, तिथे रोज ही भर कशासाठी घालायची? वास येत असेल तर तो कुठून येतो ते शोधायचं असतं. कुजणारा कचरा, तुंबलेली मोरी, ओली भिंत यांच्यावर सुवास पांघरला की त्या तशाच राहतात आणि आपण शोधायचं मात्र थांबवतो.

पृष्ठभाग पुसत राहण्याच्या वेडाचा सगळ्यात मोठा धडा करोनाने दिला. २०२० मध्ये जगभर लोकांनी पिशव्या, दारांच्या कड्या, फळं, टपाल, सगळं पुसलं आणि फवारलं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. विषाणू मुख्यतः श्वासाच्या हवेतून पसरत होता. म्हणजे खिडक्या बंद ठेवून टेबल घासणाऱ्या घराने मेहनत पुष्कळ केली, पण रोगाची वाट उघडीच ठेवली. याच काळात, जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांत, अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे स्वच्छतेच्या आणि जंतुनाशक द्रव्यांमुळे आलेले फोन आदल्या वर्षीच्या याच महिन्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढले होते. ब्लीच आणि संडास घासायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला की क्लोरामाइन निघतात. दोन्ही श्वासनलिका भाजून काढतात. न्हाणीघर हे बहुधा घरातलं सगळ्यात कोंदट ठिकाण, आणि नेमकं तिथेच हे मिश्रण होतं. जास्त द्रव्यं म्हणजे जास्त स्वच्छता, या समजुतीचे बळी तिथे पडतात.

हा धोका फक्त अपघाताचा नाही. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक माणसांच्या फुप्फुसांची क्षमता सुमारे वीस वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा मोजली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. घराच्या आरोग्यासाठी जी व्यक्ती सगळ्यात जास्त राबते, तिच्याच छातीवर त्याचा भार पडावा, ही गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त टोचते. उपाय साधे आहेत. फवाऱ्याऐवजी द्रव फडक्यावर घ्यावा, काम करताना खिडकी उघडी असावी, आणि बहुतेक जागी साबण व पाणी पुरेसं समजावं. साबण जंतूंना मारतोच असं नाही. तो मळ आणि तेलकटपणा सोडवतो आणि त्यांच्याबरोबर जंतू वाहून जातात. बहुतेक वेळा एवढंच हवं असतं. जंतुनाशक वापरायचंच असेल तर आधी मळ काढावा लागतो आणि मग बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्यावा लागतो. फवारून लगेच पुसलं तर वास राहतो, काम होत नाही.

मग घासायचं कुठे? जिथून जंतू माणसाच्या तोंडाकडे निघतात तिथे. संडासाहून आल्यावर, बाळाचं मलमूत्र काढल्यावर, कच्चं मांस हाताळल्यावर आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुणं, हे घरातल्या स्वच्छतेचं सगळ्यात फलदायी काम आहे. हात धुण्याला उत्तेजन दिलं की अतिसाराचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. त्यानंतर नंबर स्वयंपाकघराचा. ॲरिझोना विद्यापीठातल्या चार्ल्स गर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की घरात जंतूंची वस्ती संडासापेक्षा स्वयंपाकघरात जास्त असते: भांडी घासायच्या स्पंजात, पुसायच्या फडक्यात, मोरीच्या तोंडाशी. कारण उघड आहे. तिथे ओल असते, ऊब असते, अन्नाचे कण असतात. ज्या फडक्याने आपण ओटा ‘स्वच्छ’ करतो तेच फडकं जंतू ओटाभर पसरवतं. ते रोज गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलं तर महागड्या द्रवाची गरज उरत नाही. वाळवणं महत्त्वाचं, कारण बहुतेक जंतूंना कोरडेपणा सोसत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: इतकी स्वच्छता ठेवली तर मुलांची प्रतिकारशक्ती घडणार कशी? आक्षेपाला आधार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी पाहून म्हटलं की ज्या मुलांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. वंश जवळचा, राहणीही बरीचशी सारखी. पण आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास तर हटराइट मुलांमध्ये एकवीस टक्क्यांच्या आसपास. आमिश मुलं गोठ्याच्या शेजारी, जनावरांच्या सहवासात वाढतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. यातून निघतं ते असं की मुलांना माती, झाडं, जनावरं, इतर मुलं यांचा सहवास हवा. हात न धुता जेवावं किंवा ओल्या भिंतीशेजारी झोपावं, हे यातून अजिबात निघत नाही. जुलाब आणि न्यूमोनिया यांनी प्रतिकारशक्ती ‘घडत’ नाही. लहान मुलं त्यांनी दगावतात. मुलांना अंगणात मनसोक्त खेळू द्यावं आणि घरात आल्यावर हात धुवायला लावावेत, यात विरोध कसला?

आता धुळीबद्दल. दिसणारी धूळ ही अर्धीच गोष्ट. घरातल्या धुळीत आपल्याच त्वचेचे सूक्ष्म कण असतात, कापडाचे तंतू, बाहेरची माती, बुरशीचे बीजाणू असतात आणि त्यात राहतात धुळीतल्या किडी. पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीची ही किडी आपल्या गळलेल्या त्वचेवर जगते. ती चावत नाही. तिच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे शिंका आणि दमा सुरू होतो. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने हा संबंध दाखवला. या किडीचं एक मर्म आहे: ती पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगते. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती सुकून मरते. चादरी आणि अभ्रे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतले तर मरते. फरशी कितीही चमकवली तरी तिला काही होत नाही, कारण ती फरशीवर राहतच नाही. ती गादीत, उशीत आणि जाजमात असते. कोरडा झाडू मारला की सूक्ष्म धूळ उडून तासन्‌तास हवेत तरंगते, आणि झाडणारा आणि रांगणारं मूल तीच श्वासात घेतात. ओल्या फडक्याने पुसणं जास्त बरं. जुन्या, शिशाच्या रंगाने रंगवलेल्या घरांत तर ते अत्यावश्यक, कारण तिथली धूळ मुलांच्या हातावरून तोंडात गेली तर मेंदूची हानी होते आणि ती भरून निघत नाही. पादत्राणं दाराशी काढली की बाहेरची निम्मी डोकेदुखी दाराशीच राहते.

डासांचं थोडक्यात सांगतो. डेंगीचा डास घाणीत वाढतो ही समजूत सोडून द्यायला हवी. त्याला साधं, साठलेलं, स्वच्छ पाणी पुरतं: फुलदाणीतलं, कुंडीखालच्या बशीतलं, झाकण नसलेल्या टाकीतलं. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. भिंत घासली तरच ती जातात.

घराच्या आरोग्याचा खरा कस मात्र ओलीत लागतो. चार माणसांचं कुटुंब श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे वाळवणं यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत सोडतं. ते बाहेर पडायला वाट नसेल तर भिंतीच्या थंड कोपऱ्यात जमतं. शिवाय गळकं छप्पर, फुटका नळ, जमिनीतून वर चढणारी ओल आहेच. भिंत एक-दोन दिवस ओली राहिली तरी बुरशी धरू लागते. ओल्या, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा यांचा त्रास जास्त होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. बुरशी पुसता येते, पण ओल पुसता येत नाही. ब्लीच लावलं तर काळा डाग फिका होतो, भिंतीच्या आतली बुरशी जिवंत राहते, आणि ओल असेपर्यंत डाग परत येत राहतो. वरून रंग फासणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

हे केवळ शब्द नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात दोन वर्षांचं एक मूल श्वसनाच्या आजाराने गेलं. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे तो आजार झाला होता. आईवडील काही वर्षं तक्रार करत होते. वरून रंग लावा, असं त्यांना सांगितलं गेलं. बुरशीचा दोष त्यांच्या राहणीवर, अंघोळीच्या सवयींवर ढकलला गेला. हवा बाहेर जाण्याची धड सोयच त्या घरात नव्हती. पुढे त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला: सामाजिक भाडेघरं, म्हणजे गरजू कुटुंबांना कमी भाड्याची घरं, देणाऱ्या संस्थांनी ओल आणि बुरशीच्या गंभीर तक्रारीची दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी केली पाहिजे, आणि आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल केली पाहिजे. एक मूल गेल्यावर हे घडलं. अशी कालमर्यादा प्रत्येक देशात, प्रत्येक भाडेकराराला लागू असायला हवी, आणि ती खासगी घरमालकांनाही बांधून घालणारी असायला हवी. ओल ही भाडेकरूची राहणी नव्हे. ती इमारतीची दुरुस्ती आहे. घर सांभाळणाऱ्या बाईला ‘नीट पुसत जा’ असं सांगणारा प्रत्येक मालक स्वतःचं कर्तव्य तिच्या फडक्यावर ढकलत असतो.

हवेचंही तेच. रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणं हा शुश्रूषेचा पहिला नियम, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलं, आणि त्या स्वतः दुर्गंधीने रोग होतो असं मानणाऱ्यांपैकी होत्या. आज घरातल्या हवेचा सगळ्यात मोठा शत्रू चुलीचा धूर आहे. लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल अशा इंधनांवर जगातले सुमारे २१० कोटी लोक स्वयंपाक करतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती. ज्या घरात धूर कोंडतो तिथे फरशी सारवलेली आहे की चमकते आहे याला अर्थ राहत नाही. गॅसवरही तळताना, परतताना सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघतात. म्हणून स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा ही चैन नाही, ती इमारतीच्या नियमात सक्तीची हवी. अर्थात बाहेरचीच हवा प्रदूषित असेल तर नुसत्या खिडकीचा उपयोग मर्यादित. तिथे घर एकटं काही करू शकत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे.

म्हाताऱ्या माणसांचा विचार तर स्वच्छतेच्या गप्पांत कुणी करतच नाही. पडून होणाऱ्या दुखापतींनी जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. गुळगुळीत घासलेली, ओली फरशी, सुटं पायपुसणं, वाटेतला पसारा आणि अंधारा न्हाणीघराचा उंबरा यांच्यामुळे घरातच हाडं मोडतात. सत्तरीच्या माणसाच्या घरात फरशीला चकाकी आणणारं द्रव्य वापरू नये, इतकं तरी आपण पाळू शकतो.

राहिला प्रश्न हे सगळं करणार कोण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनमोबदल्याच्या घरकामाचे आणि सेवाशुश्रूषेचे तीन-चतुर्थांशांहून अधिक तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. वर सांगितलेल्या बर्गनच्या संशोधकांच्या अभ्यासात पुरुषांच्या फुप्फुसांवर असा परिणाम दिसला नाही. पण त्यात सफाईचं काम करणारे पुरुषच थोडे होते. ज्यांना हे काम करावं लागत नाही, त्यांनीच बहुधा स्वच्छतेचे दंडक घालून दिलेले असतात, आणि ते दंडक डोळ्यांचे असतात. काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतलं, तर कुठलं काम आरोग्याचं आणि कुठलं केवळ दिखाव्याचं हे सगळ्यांनाच कळू लागेल आणि दुसऱ्या प्रकारातलं पुष्कळसं आपोआप गळून पडेल. आणि ज्या घरात हे काम मोलाने करायला कुणी येतं, तिथे बाटलीत काय आहे ते तिला कळेल अशा भाषेत लिहिलेलं असणं, हातमोजे असणं, काम चालू असताना खिडकी उघडी असणं आणि उग्र द्रव्य वापरायला नकार दिला म्हणून काम न जाणं, ही जबाबदारी मालकाची आहे. आज या चारांपैकी एकही गोष्ट बहुतेक कामगारांच्या वाट्याला येत नाही. कारखान्यात रसायनं हाताळणाऱ्यांसाठी नियम असतात, तसेच ते दुसऱ्याच्या घरी फरशी पुसणाऱ्यांसाठीही व्हायला हवेत, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी माणसंही नेमली जायला हवीत.